विजेच्या कामाची उमेदवारी

दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या किनाऱ्यावर घरोघरीं एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते: मुलानें पुढें काय करावें? ज्यास गुण बरे पडले तो कॉलेजांत जातो. ज्यास बेताचे पडले तोहि बहुधा कॉलेजांतच जातो, आणि कांहीं वर्षांनीं पदवीचा कागद घेऊन मुंबईस किंवा गोव्यास नोकरीच्या शोधांत फिरूं लागतो. घरचीं आठ-दहा कलमें, थोडी भातजमीन आणि माडांची एक ओळ, एवढ्यावर मोठें कुटुंब चालत नाहीं हें आपण सर्वजण जाणतों. म्हणून घरांतील एकानें तरी दुसरा धंदा धरावा, हें योग्यच आहे. परंतु तो धंदा निवडतांना जी वाट अगदीं आपल्या बांधावरून जाते, तिकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं. ती वाट म्हणजे विजेच्या कामाची उमेदवारी. तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. उमेदवारीची किंमत तिच्या विद्यावेतनांत नाहीं, आणि शेवटीं मिळणाऱ्या कागदांतहि नाहीं. जाणत्या कारागिराच्या नजरेखालीं मुलानें स्वतःच्या हातानें किती काम केलें, यांत ती आहे. ही एक कसोटी धरून जागा निवडली व वर्ष काढलें, तर उमेदवारी फळास येते. कसोटी सोडली, तर ती स्वस्तांतली मजुरी ठरते.

आज आपल्या शेतीवाडीचें कोणतें काम विजेवांचून चालतें? विहिरीवरील पंप, भाताची गिरण, काजूच्या कारखान्यांतील यंत्रें, मासळीसाठीं बर्फ करणारे कारखाने, पाहुण्यांसाठीं बांधलेल्या खोल्यांतील दिवे व पंखे, हीं सर्व विजेच्या तारेवर अवलंबून आहेत. कोंकण रेल्वे जानेवारी १९९८ पासून आपल्या दारावरून धावूं लागली. तिच्या ७४१ किलोमीटर मार्गाचें विद्युतीकरण पुरें होऊन जून २०२२ मध्यें तें राष्ट्रास अर्पण झालें. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत किंमतीचा दहावा हिस्सा भरणाऱ्या शेतकऱ्यास, व विसावा हिस्सा भरणाऱ्या अनुसूचित जातिजमातींतील शेतकऱ्यास, सूर्यप्रकाशावर चालणारा पंप देण्याची तरतूद झाली. यंत्रें याप्रमाणें गांवोगांव आलीं. परंतु यंत्राचा जाणता गांवांत आला नाहीं. वायंगणाच्या भातास पाण्याची खरी गरज असते त्याच आठवड्यांत मोटर जळते. ती उतरवून तालुक्याच्या गांवीं न्यावी, वाइंडिंग होईपर्यंत वाट पाहावी, परत आणून बसविणाऱ्याची मनधरणी करावी. तोंवर पीक माना टाकतें. हा अनुभव वाचकांपैकीं कोणास नाहीं?

मे २०२१ मधील तौक्ते वादळ तर सर्वांच्या स्मरणांत आहे. मालवण, वेंगुर्लें, देवगड या तालुक्यांत आंबा, माड व घरांचीं छपरें यांची हानि झाली ती झालीच; शिवाय विजेचे खांब उन्मळून पडल्यामुळें कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारांत राहिल्या. विहिरींत पाणी होतें, पण तें वर काढतां येईना. बाहेरच्या जिल्ह्यांतून महावितरणचीं माणसें मदतीस आलीं व रात्रंदिवस राबलीं. त्यांचे उपकार आपण विसरणार नाहीं. तथापि मुख्य वाहिनी सुरू झाल्यावर घरोघरच्या व विहिरीवरच्या जोडण्या तपासण्यास प्रत्येक गांवांत परवाना असलेले दोन जाणते हात असते, तर लोकांचा केवढा त्रास वांचला असता!

जाणता नसेल तर त्याची जागा अर्धवट जाणता घेतो, आणि विजेच्या कामांत तो न जाणणाऱ्याहून अधिक घातक असतो. आपल्या भागाच्या अडचणी निराळ्या आहेत. आपली जमीन जांभ्याची. पावसाळ्यांत जें अर्थिंग ठीक काम देतें, तेंच एप्रिल-मेमध्यें जमीन कोरडी झाल्यावर निकामी होऊं शकतें. समुद्राची खारी हवा तारांचे सांधे व लोखंडी पेट्या खाऊन टाकते. पंपाच्या तीन तारांपैकीं एकीचा प्रवाह तुटला आणि मोटर दोन तारांवर तशीच गुरगुरत राहिली, तर थोड्याच वेळांत तिचें वाइंडिंग जळतें; हें टाळणारें साधन स्टार्टरमध्यें असतें, पण तें मोटरच्या मापाप्रमाणें लावावें लागतें. ‘सारखें बंद पडतें’ म्हणून अर्धवट जाणता तें साधनच काढून थेट जोडणी करून देतो. सौर तक्ते तर ऊन आहे तोंपर्यंत बटण बंद केलें तरी आपल्या बाजूनें जिवंतच असतात, हें किती जणांस ठाऊक आहे? याहूनहि वाईट प्रकार म्हणजे रानडुकरांच्या उपद्रवास कंटाळून कुंपणाच्या तारेंत घरचा प्रवाह सोडणें. तो कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यांत गुरें व माणसें प्राणास मुकलेलीं आहेत. घरांतील २३० व्होल्टची तार माणूस मारण्यास पुरेशी असते. ती ओळखीपाळखी पाहत नाहीं. म्हणून हें काम शिकलेल्या हातींच असावें, हा केवळ पोटापाण्याचा प्रश्न नाहीं, जीविताचाहि आहे.

उमेदवारी ही आपल्याकडे नवी नव्हे. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखालीं रंधा धरावयास शिकला, लोहाराचा मुलगा भाता ओढतां ओढतां लोखंडाचा रंग ओळखूं लागला, ती उमेदवारीच होती. फरक एवढाच कीं, विजेच्या कामाचें घराणें नाहीं. तें कोणत्याहि जातीच्या व कोणत्याहि घरच्या मुलास खुलें आहे. जर्मनींत वीज-कारागिराचें शिक्षण साडेतीन वर्षांचें असतें, आणि त्या काळांत मुलगा कांहीं दिवस कारखान्यांत व कांहीं दिवस शाळेंत, असा दोन्हींकडे शिकतो. १९६९ च्या कायद्यानें तेथें या पद्धतीस देशभर एकच चौकट मिळाली. आपल्याकडे त्याच्याहि आधीं, १९६१ मध्यें, शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. साधन आपल्याजवळ आहे. तें वापरण्याची संवय मात्र नाहीं.

या वाटेस दोन दारें आहेत. पहिलें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचें, ज्यास लोक आयटीआय म्हणतात. तेथें वीजतंत्री व तारतंत्री हे दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे आहेत. वीजतंत्रीसाठीं गणित व विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण असावें लागतें, तारतंत्रीसाठीं आठवी पुरते. मालवण, सावंतवाडी इत्यादि ठिकाणीं शासकीय संस्था आहेत; कोठें कोणता अभ्यासक्रम चालू आहे तें प्रवेशाच्या वेळीं पाहून घ्यावें. ही संस्था उत्तीर्ण झालेल्यानें त्यापुढें कारखान्यांत किंवा वीज कंपनींत एक वर्ष उमेदवारी करावयाची असते. दुसरें दार थेट कारखान्याचें. माझगांव गोदी मुंबईंत आपल्या उमेदवार-शाळेंत दहावी झालेल्या मुलांस वीजतंत्रीच्या कामावर घेते. तेथें काळ अधिक लागतो, परंतु आरंभापासून शिक्षण व काम हीं बरोबरच चालतात.

जागा शोधावयाची कोठें? महावितरण आपल्या मंडळांत वीजतंत्री व तारतंत्री उत्तीर्ण मुलांस शिकाऊ म्हणून घेते. वास्कोची गोवा शिपयार्ड व मुंबईची नौदल गोदी यांच्या जाहिराती वेळोवेळीं निघतात. पदवी किंवा पदविका झालेल्यांस कोंकण रेल्वेनेंहि घेतलेलें आहे. कुडाळच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, मोठीं हॉटेलें व परवानाधारक वीज ठेकेदार हीं जवळचीं ठिकाणें. केंद्र शासनाच्या शिकाऊ उमेदवारीच्या संकेतस्थळावर मुलाचें नांव प्रथम नोंदवावें, पण नोंदवून स्वस्थ बसूं नये. आंब्याचा दलाल बागेंत येईल म्हणून आपण वाट पाहतों काय? आपण बाजारांत चौकशी करतों. तसेंच येथेंहि प्रशिक्षण संस्थेंत उमेदवारीचें काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांस भेटावें, कारखान्यांत स्वतः जावें, आणि गेल्या वर्षीं तेथें काम केलेल्या मुलास गांठून विचारावें. तीस किंवा अधिक माणसें कामावर असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचें बंधन आहे, ही गोष्ट चौकशीस जातांना ध्यानांत असावी.

आतां कसोटीकडे येऊं. जागा पसंत करण्यापूर्वीं बापानें व मुलानें मिळून चार प्रश्न विचारावे. मुलगा कोणाच्या हाताखालीं राहणार, व त्या माणसाजवळ परवाना आहे काय? वर्षभरांत त्याच्या हातून कोणकोणतीं कामें करून घेणार: नुसती घरांतील तारजोडणी, कीं मोटर, स्टार्टर, नियंत्रणाच्या पेट्या व अर्थिंगची मोजणीहि? हातमोजे, शिरस्त्राण, पट्टा व प्रवाह तपासण्याचीं साधनें कोण देणार? आणि मागील उमेदवारांपैकीं कितीजण शेवटच्या परीक्षेस बसून उत्तीर्ण झाले? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें जेथें मिळतील ती जागा विद्यावेतन थोडें कमी असलें तरी घ्यावी. जेथें ‘तें मागाहून पाहूं’ असें सांगतात, तेथून नमस्कार करून परतावें.

पैशाचा हिशेब स्पष्ट असावा. २०१९ च्या नियमांनीं शिक्षणाच्या पायरीप्रमाणें दरमहा ५,००० ते ९,००० रुपये किमान विद्यावेतन ठरविलें, व आयटीआय उत्तीर्ण मुलासाठीं तें ७,००० रुपये होतें. २०२५ मध्यें हे दर वाढविण्याची शिफारस झाली. म्हणून अर्ज करितेवेळीं चालू दर विचारून घ्यावा. उमेदवारीचा करार लेखी होतो व नोंदविला जातो. तो वाचल्यावांचून सही करूं नये, आणि त्याची प्रत घरीं ठेवावी. कामावर असतां इजा झाल्यास भरपाईचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. धोक्याच्या उद्योगांत अठरा वर्षांखालील मुलास घेतां येत नाहीं. परंतु हेंहि जाणून असावें कीं, उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचें बंधन मालकावर नाहीं.

जागा मिळाली म्हणजे अर्धेंच काम झालें. पुढचें अर्धें मुलाच्या स्वतःच्या हातीं आहे. पहिली गोष्ट म्हणजे रोजची वही. आज काय काम केलें, कोणता दोष सांपडला, तो कशानें सांपडला, काय दुरुस्त केलें, हें रोज संध्याकाळीं चार ओळींत लिहावें व जोडणीची आकृति काढावी. ज्याच्या शोधामुळें वीजघरांतील जनित्रें फिरतात तो मायकेल फॅरडे लंडनमधील एका पुस्तक बांधणाऱ्याचा उमेदवार होता. सर हम्फ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें १८१२ मध्यें ऐकून त्यानें टिपणें काढिलीं, स्वतः बांधून त्यांचें पुस्तक केलें व तें डेव्हींस पाठविलें. पुढच्याच वर्षीं त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें काम मिळालें. आपल्या प्रत्येक मुलानें फॅरडे व्हावें असें कोणी म्हणत नाहीं. पण नोकरी मागावयास जातांना बगलेंत वर्षाची वही असलेला मुलगा, आणि नुसता कागद दाखविणारा मुलगा, यांतला फरक कोणताहि जाणता मालक ओळखतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. प्रवाह बंद करणें, बंद केलेला प्रवाह दुसऱ्या कोणी सुरू करूं नये म्हणून कुलूप घालून पाटी लावणें, तार निर्जीव झाली आहे हें साधनानें तपासणें, आणि मगच हात लावणें, हा क्रम मुलाच्या अंगीं इतका मुरावा कीं घाईच्या वेळींहि तो सुटूं नये. ‘पांच मिनिटांचें काम आहे, बंद कशाला करतोस?’ असें सांगणारा वडील कारागीर भेटेल. त्यास नम्रपणें नकार देणें हाहि शिक्षणाचाच भाग आहे. उमेदवारानें एकट्यानें खांबावर चढूं नये, हें घरून निघतांनाच बजावून ठेवावें.

तिसरी गोष्ट, काम मागून घेण्याची. पहिले कांहीं आठवडे झाडलोट व सामान वाहून नेणें यांत जातात. त्याचा कमीपणा मानूं नये. परंतु सहा महिने झाले तरी मुलगा चहाच आणीत असेल, तर तें शिक्षण नव्हे. अशा वेळीं प्रथम आपल्या कारागिरास, मग वरिष्ठास विनंति करावी. त्यानेंहि भागलें नाहीं तर शिकाऊ उमेदवारीच्या शासकीय सल्लागाराकडे लेखी तक्रार करण्याची सोय कायद्यांत आहे. उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणें हें मालकाचें कर्तव्य आहे. ती नोंद पाहावयास मागण्यांत उद्धटपणा कांहीं नाहीं.

शेवटची गोष्ट परीक्षा व परवाना. वर्षाअखेरीस उमेदवारीची अखिल भारतीय परीक्षा असते, व ती उत्तीर्ण होणारास राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतें. पुष्कळ मुलें हातीं थोडे पैसे येऊं लागले कीं परीक्षा टाळतात. वेंगुर्ल्याचें कलम आणून लावावें, वर्षभर पाणी घालावें आणि मग कुंपणच घालूं नये, त्यांतलाच हा प्रकार. त्यापुढें तारतंत्रीचा परवाना काढावा, व अनुभव वाढल्यावर पर्यवेक्षकाचा व ठेकेदाराचा. त्यांच्या अटी विद्युत निरीक्षकांच्या कचेरींत विचारून घ्याव्या. परवान्यावांचून केलेलें काम कायद्यास मान्य नाहीं, आणि अपघात झाल्यास तें कोणाचेंहि रक्षण करीत नाहीं.

आतां घरच्या माणसांस दोन शब्द. मुलाचें विद्यावेतन हें घराचें उत्पन्न समजूं नये. त्यांतून त्याचें राहणें, जेवण व हत्यारें निघालीं तरी पुष्कळ झालें. बाहेरगांवीं कमी पडेल तें घरानें घालावें. लावणीसाठीं, काजूसाठीं, प्रत्येक कार्यासाठीं त्यास माघारीं बोलावूं नये; हजेरी तुटली कीं शिक्षण तुटतें. आणि ही सर्व वाट मुलींसहि तितकीच मोकळी आहे. महावितरणच्या तंत्रज्ञांत आज स्त्रियाहि काम करीत आहेत. मुलीस गणितांत गोडी असून ती हातानें नीटस काम करणारी असेल, तर केवळ लोक काय म्हणतील म्हणून तिला मागें ओढणें हा तोट्याचा व्यवहार आहे.

कोणी म्हणतील, एवढें शिकून मुलगा मुंबईसच राहणार. मग गांवास काय लाभ? कांहीं राहतील हें खरें. परंतु नुसती पदवी घेतलेल्या मुलास गांवांत परत येऊन करण्याजोगें काम नसतें. वीजतंत्र्यास तें असतें. विहिरी, गिरणी, काजूचे कारखाने, सौरपंप, पर्यटकांचीं घरें, हीं त्याचीं शेतेंच आहेत. सकाळीं कलमांस पाणी सोडून दुपारीं शेजारच्या वाडींत स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस जमीन विकत नाहीं. जी जमीन एकटी कुटुंब पोसूं शकत नाहीं, ती अशा जोडधंद्याच्या आधारानें टिकते. आम्हांस हा लाभ सर्वांत मोठा वाटतो.

शेवटीं, आपल्या संस्थांचेंहि यांत कर्तव्य आहे. चार ते एकोणतीस माणसें असलेल्या आस्थापनांसहि इच्छा असल्यास उमेदवार घेतां येतात. तेव्हां भाताच्या गिरणी, काजूप्रक्रिया व बर्फाचे कारखाने चालविणाऱ्या सहकारी संस्थांनीं, जेथें परवानाधारक कारागीर आहे तेथें, दरवर्षीं निदान एक उमेदवार घ्यावा. गरीब सभासदाच्या मुलास हत्यारांची पेटी, हातमोजे व तपासणीचें साधन संस्थेनें हप्त्यानें द्यावें. आणि आपल्या पंपाच्या कामास परवाना पाहूनच माणूस बोलावण्याची संवय प्रत्येक सभासदानें लावून घ्यावी. जाणत्यास काम मिळूं लागलें तरच पुढची मुलें जाणतीं होण्यास धजतील. पुढील निकालाच्या आधीं, मृगापूर्वीं बियाण्याची तजवीज करतों तशी, घराघरांत ही गोष्ट बोलून ठरावी अशी आमची वाचकांस विनंति आहे.